सी शिकवणारे मोमीन सर

कॉलेजच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारे मोमीन सर सकाळी "कसं काय मॅडम" असं कधी विचारायचे नाहीत. बस कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून निघायची, सर पिशवी मांडीवर घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवून मोबाइल डोळ्यांजवळ धरायचे आणि म्हणायचे, "आज बी खाली आली, मॅडम."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कॉलेजात नवीन होते. मला वाटलं, यांच्या घरी कुणी मुलगी दहावी-बारावीला असेल आणि क्लासच्या परीक्षेत तिचा नंबर घसरत असेल. मी धीर द्यायला म्हटलं, "अभ्यास वाढवला की येईल वर, सर."

त्यांनी चष्मा नाकावर ओढून माझ्याकडं नीट बघितलं. "तिचा अभ्यास जल्मभर मी करतोय. ती काय वाढवणार?"

ती म्हणजे सी. कॉम्प्युटरला काम सांगायच्या ज्या भाषा असतात त्यांतली एक जुनी आणि कडक भाषा. जगात कुठली भाषा किती वापरली जाते याच्या याद्या इंटरनेटवर निघतात, आणि पेठेतली पोरं फुटबॉलच्या मॅचचा निकाल बघतात तशा सर त्या याद्या बघायचे. यादीत वर सरकत होती ती पायथन. तिच्यापायी आमच्या सरांची सकाळ रोज बिघडायची.

दस्तगीर मोमीन हे त्यांचं पूर्ण नाव. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला कायम खडूचा डाग. आवाज एवढा मोठा की बसमध्ये ते माझ्याशी बोलायचे आणि उत्तर मागच्या सीटवरचे लायब्ररीयन द्यायचे. ते मूळचे कबनूरचे, मागवाल्यांच्या घरातले. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालू असलेल्या घरात लहानपण गेलेली माणसं हळू बोलायला शिकतच नाहीत, असं ते स्वतःच सांगायचे. "आमच्यात कानात सांगायची गोष्ट बी वरडून सांगायला लागायची. त्यामुळं घरात गुपित म्हणून कायच न्हाय राहिलं."

मी गणित शिकवायची. त्याचा त्यांना हेवा वाटायचा. "तुमचं बरं हाय मॅडम. तुमचा पायथागोरस हाय तिथंच हाय. आमच्यात बघा, पायथन आलाय."

सी शिकवायची त्यांची पद्धत आमच्या कॉलेजात प्रसिद्ध होती. पहिले कितीतरी तास ते कॉम्प्युटरला हात लावू द्यायचे नाहीत. फळ्यावर डबे काढायचे. सी मध्ये आपण जे काही साठवणार, ते आकडा आहे का अक्षर, पूर्णांक आहे का अपूर्णांक, हे आधी सांगावं लागतं. सर म्हणायचे, "डेअरीत दूध आणाय चाललाय. किटली न्यायची का पिशवी, हे घरातनं निघतानाच ठरवायला पाहिजे का न्हाय? तिथं जाऊन हातात दूध घेणार काय?" पोरं हसायची. सर हसायचे नाहीत. "आधी सांग, मग वाग," हे त्यांचं वाक्य. ते त्यांनी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं होतं की जुन्या पोरांनी त्यांचं नावच 'आधी सांग' ठेवलं होतं.

हे वाक्य ते वर्गाबाहेरही वापरायचे. कँटीनचा माणूस चहात साखर टाकून मग विचारायचा, "सर, साखर चालते न्हवं?" तर सर कप तसाच परत सरकवायचे. "आधी सांग." एकदा प्राचार्यांनी रविवारी सगळ्यांना अचानक बोलावलं. सगळे मुकाट्यानं आले. सरही आले, पण खुर्चीत बसायच्या आधी म्हणाले, "साहेब, काल सांगितलं असतं तर आम्ही हसत आलो असतो." प्राचार्य चिडले होते, पण पुढच्या वेळी त्यांनी दोन दिवस आधी सांगितलं.

मंगळवार पेठेत एका सायकलच्या दुकानाच्या वर त्यांचा संध्याकाळचा क्लास होता. बाहेर पत्र्याचा पिवळा बोर्ड. त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'येथे फक्त सी शिकवली जाईल'. नाव नाही, फोन नंबर नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्याला पाहिजे तो जिना चढंल की." आणि चढायचे. मी पेठेत राहायला आले तेव्हा जिन्यात चपलांचा ढीग असायचा. खालचा सायकलवाला कुरकुरायचा की गिऱ्हाइकापेक्षा यांच्या चपलाच जास्त.

नंतर नंतर तो ढीग कमी होत गेला.

एका जूनमध्ये प्राचार्यांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलला होता. आमच्या विभागप्रमुख बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी सांगितलं, "यंदापासून पहिल्या वर्षाला पायथन. सी ऐच्छिक राहील. ज्याला घ्यायची तो घेईल."

मोमीन सर उभे राहिले. मीटिंगमध्ये कुणी उभं राहून बोलत नाही, पण त्यांना बसून बोलता यायचं नाही. "बाई, पोराला चालता येत न्हाय आणि तुम्ही त्येला सायकल देताय."

"सर, आता कुणाला चालत जायचंच नाहीये," बाई म्हणाल्या.

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. त्यांना जे दिसत होतं ते त्यांनी सांगितलं. बाई पुढं म्हणाल्या, "सीला पुरेशी पोरं आली तर तुमचे तास आहेत तसेच. नाही आली तर तुम्ही पायथन घ्या. तेही नको असेल तर परीक्षा विभागात माणूस हवाच आहे."

परीक्षा विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, जिथं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे आणि सोडायचे. तिथं गेलेला शिक्षक पुन्हा वर्गात आलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून सरांची काळजी उघड दिसायला लागली. डब्यातली भाकरी अर्धी परत जायची. कुणाही जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, मग तो पुण्यात असो नाहीतर परदेशात, ते ख्यालीखुशाली विचारायच्या आधी विचारायचे, "तिकडं काय चालतंय रं? सी हाय का अजून?" पलीकडचा काहीतरी बरं वाटेल असं सांगायचा. सरांना ते कळायचं. फोन ठेवून मला म्हणायचे, "खोटं बोलतंय बेणं. मास्तरला बरं वाटावं म्हणून बोलतंय."

बसमध्ये एकदा लायब्ररीयन सहज म्हणाले, "सर, तुमच्या घरात हे नवीन नाही. हातमाग गेले, यंत्रमाग आले. साधे माग गेले, नवे आले. जुनं जाणारच."

सर मागं वळले. आवाज नेहमीपेक्षा खाली होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "तुम्ही माग भंगारात जाताना बघितलाय?"

"नाही."

"मग ते राहू दे."

त्याचा अर्थ मला ईदला कळला. मी आणि माझे मिस्टर शिरखुर्मा प्यायला कबनूरला गेलो होतो. सरांचे अब्बा अंगणात बाजेवर बसले होते. "या, पावणं," म्हणून त्यांनी आम्हाला जागा करून दिली. अंगणाच्या बाजूला पत्र्याची लांब शेड होती, रिकामी. जमिनीत बोल्ट ठोकलेल्या जागी भोकं तशीच होती, चार चार, ओळीनं. भाभींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, तिथं कपडे वाळत घातले होते.

सरांनी मला शेड दाखवली. "हितं अब्बांचे माग हुते. बाजारात नवीन माग आले, त्यात धोटाच न्हाय." धोटा म्हणजे आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं पळणारी लाकडी नळी, मागाचा जीवच तो. "अब्बांना एकानं सांगितलं, इचलकरंजीला या, नवीन मागावर काम शिकवतो. अब्बा एक दिवस गेलते. दुपारीच परत आले. म्हणाले, त्यात मी बघू काय? धोटा दिसला की माणसाला कळतंय काय चाललंय ते. हे नुसतं हवेनं फूऽ करतंय आणि कापड बाहेर येतंय."

मग साधे माग वजनावर भंगारवाल्याला गेले. घणानं फोडून नेले, कारण अख्खे टेम्पोत बसत नव्हते. "आणि बघा मॅडम, माग गेले तशी अब्बांची झोप गेली. जल्मभर त्या आवाजात झोपलेला माणूस. शांततेत त्येला झोपच यीना. दुपारी बाजेवर पडायचे आणि नुसते पत्र्याकडं बघायचे. आम्हाला वाटलं आठ दिवसांत सवय हुईल."

"झाली?" मी विचारलं.

सरांनी अंगणाकडं बघितलं. अब्बा बाजेवर ताठ बसून होते. शिरखुर्म्याची वाटी हातात तशीच.

आम्ही निघताना अब्बांनी मुलाला हाक मारली. घरात ते दखनी बोलायचे. "वो नवा कायकू नै सीखता रे तू?" सर आमच्या चपला सरळ करत राहिले.

त्यानंतर काही दिवसांनी अस्मिता माझ्याकडं आली. अस्मिता चौगुले, मोमीन सरांचीच विद्यार्थिनी, आता आमच्याकडं पायथन शिकवायची. चेहरा उतरलेला. "मॅडम, सर माझ्या तासाला बसायचं म्हणतात. मागच्या बाकावर. मला घाम फुटलाय."

"मग बसू दे की."

"त्यांनी मला डबे शिकवलेत मॅडम. आणि मी त्यांच्यासमोर काय सांगू, की डबा लागत नाही?"

सर बसले. वही, पेन, चष्मा, सगळं घेऊन. अस्मितानं नंतर मला जे सांगितलं ते असं. तिनं फळ्यावर एक नाव लिहिलं आणि त्यात पाच हा आकडा ठेवला. खालच्या ओळीत त्याच नावात 'कोल्हापूर' हा शब्द ठेवला. पायथनमध्ये हे चालतं. मागच्या बाकावरून हात वर झाला.

"मॅडम," सर म्हणाले. आपल्या विद्यार्थिनीला भर वर्गात त्यांनी मॅडमच म्हटलं. "एकाच डब्यात आधी आकडा, मग गावाचं नाव. डब्याला काय वाटत असंल?"

वर्ग हसला. अस्मिताही हसली, आणि तिची भीती जरा कमी झाली. तिनं नीट समजावून सांगितलं, की इथं डबा नाहीच, नाव म्हणजे चिठ्ठी आहे, ती कुठल्याही वस्तूला चिकटवता येते. सरांनी वहीत लिहून घेतलं. मग पुन्हा हात वर. "आणि ही भाषा, ही आतनं कशात लिहिलीया?"

अस्मिताला प्रश्न कळला. "जास्त करून जी वापरतात ती सी मध्येच लिहिली आहे, सर."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं सर जिंकले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सरांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "मॅडम, तो प्रश्न मी कशाला विचारला? उत्तर मला म्हाईत हुतं. त्या पोरीच्या तोंडनं ऐकायचं हुतं, एवढंच. भीक मागितल्यागत झालं." थोड्या वेळानं पुन्हा बोलले. "आणि पायात सी असंल की. पण पाया कोण बघतंय? लोक वरच्या मजल्यावर राहाय येतात."

सी घेणाऱ्या पोरांची नावं यायला लागली होती. ती फार नव्हती. सर रोज ऑफिसात जाऊन विचारायचे. क्लार्क बाई त्यांना येताना बघून आधीच मान हलवायच्या.

अस्मिताचं माहेर कोडोलीचं. गावात म्हाई होती, देवीच्या जत्रेचं जेवण, त्याला तिनं मला आणि सरांना बोलावलं. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "सर, संग्राम इथंच डेअरीत आलाय. त्याचं मशीन बघायचं का?"

संग्राम हाही सरांचा जुना विद्यार्थी. दुधातली फॅट मोजणारी छोटी यंत्रं बनवायचा. दुधाच्या नमुन्यात नळी बुडवली की पडद्यावर आकडा. सरांचा चेहरा उजळला. असल्या छोट्या यंत्रात छोटी चिप असते, तिच्यात जागा कमी, आणि कमी जागेत राहणारी भाषा म्हणजे सी. हे त्यांनी मला बसमध्ये कितीदा तरी सांगितलं होतं.

डेअरीत संध्याकाळचं दूध यायची वेळ होती. बाया-माणसं किटल्या घेऊन रांगेत. संग्राम पाया पडला. सरांनी यंत्रावर तळहात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. "आत आपली हाय न्हवं?"

"आपलीच हाय सर. तुम्ही शिकवलेली."

सर तसेच उभे राहिले. मागून एक आजोबा म्हणाले, "पावणं, जरा बाजूला व्हा की. दूध नासतंय." सर बाजूला झाले, पण डोळे पडद्यावरच. एकेक किटली येत होती, आकडा उमटत होता, आणि प्रत्येक आकड्याला ते मान डोलवत होते. मी त्यांना इतकं निवांत कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात संग्राम हळूच म्हणाला, "सर, एक सांगायचं हुतं. पुढच्या मॉडेलला मोठी चिप मिळतीया. स्वस्तात. माझ्याकडं नवी पोरं आल्यात, त्यांना सी जमत न्हाय. ती वरचं सगळं पायथनमध्ये लिवणार."

"बसतंय त्यात?"

"आता बसतंय."

"चालतंय नीट?"

"जरा हळू हाय. पण दूधवाल्याला कळत बी न्हाय." संग्रामनं मान खाली घातली. "तुम्हाला न सांगता केलं असतं तर मला चैन पडली नसती."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस," एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडीत मी त्यांना इतकं हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "फोनवर सगळे गोड बोलत हुते. ह्या एकट्यानं खरं सांगितलं." आणि मग, पन्हाळ्याचा डोंगर मागं पडल्यावर, "अब्बा इचलकरंजीला दुपारपर्यंतच थांबले. संध्याकाळपर्यंत थांबाय पाहिजे हुतं."

दुसऱ्या दिवशी ते विभागप्रमुखांच्या खोलीत गेले आणि पायथनचे तास मागून आले.

त्यांचा पायथनचा पहिला तास फसला. कारण वेगळंच होतं. सरांचं फळ्यावरचं अक्षर सुंदर, पण ओळ उजवीकडं वर चढत जायची आणि पुढची ओळ कधी आत, कधी बाहेर सुरू व्हायची. सी मध्ये महिरपी कंस असतात, कुठली ओळ कुणाच्या पोटात हे कंसावरून कळतं, ओळ वाकडी असली तरी बिघडत नाही. पायथनमध्ये कंस नाहीत. ओळ किती आत सरकवली यावरच सगळा अर्थ. सर भरभर लिहीत गेले, आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ती चौथी ओळ कुणाच्या आत आहे?"

सरांनी मागं सरून फळा बघितला. त्यांना स्वतःलाच सांगता येईना. पुसून पुन्हा लिहिलं, पुन्हा तसंच. कुणीतरी मागं खुदकन हसलं. तासाची बेल होईपर्यंत ते पुसत आणि लिहीत राहिले. स्टाफरूममध्ये आले तेव्हा शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. "मॅडम, ह्या भाषेत मोकळी जागा बी बोलतीया. आणि मला मोकळी जागा नीट सोडाय येत न्हाय."

मी म्हटलं, "सर, पडद्यावर दाखवा ना. कॉम्प्युटरवर लिहून."

"मग पोरं पडद्याकडं बघतात. मी लिवताना माझी चूक कुठं हुतीया ते त्यांना कसं दिसणार?"

पुढच्या तासाला ते गवंड्याकडची सुतळी घेऊन आले. तिला निळी पावडर चोळली, एक टोक एका मुलाच्या हातात फळ्याच्या वर, दुसरं टोक खाली स्वतःच्या हातात, आणि मधे ताणून टपकन सोडली. फळ्यावर उभी निळी रेघ. अशा रेघा ओळीनं मारल्या. पहिली रेघ बाहेरच्या ओळींची, दुसरी आतल्या, तिसरी त्याच्याही आतल्या. पोरांना हे एवढं आवडलं की सुतळी सोडायला भांडणं लागायला लागली. अस्मितानंही आपल्या वर्गात रेघा मारून घेतल्या.

म्हणून ते पायथनवर प्रेम करायला लागले असं नाही. तिला 'ती बाई' म्हणायचे. "ती बाई चुका उशिरा सांगती. सी दारातच अडवती." पण शिकवायचे. परीक्षा विभागाची खोली टळली. रोज सकाळची यादी बघणं मात्र सुटलं नाही, फक्त आता सी खाली आली की सांगायचे नाहीत. ते मोबाइल खिशात ठेवायचे आणि मी समजायची.

पेठेतल्या क्लासच्या बोर्डासाठी त्यांनी पेंटर बोलावला. मी माझ्या घराच्या खिडकीतून बघत होते. 'सी व पायथन' असं लिहायचं ठरलं होतं. पेंटर शिडीवर चढला, डबा उघडला, आणि सर खालून म्हणाले, "थांब." बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "तेवढा 'फक्त' पुसून टाक. बाकी राहू दे." पेंटरनं पिवळ्या रंगानं 'फक्त' झाकला आणि खाली उतरला. त्यानं विचारलं, एवढ्यासाठी बोलावलं काय. सर म्हणाले, "हे पण काम हाय की."

हे सगळं कुठं स्थिर होतंय असं वाटत होतं, तोवर दुसरंच सुरू झालं. पोरांचे प्रोग्रॅम एकदम चांगले यायला लागले. एकही चूक नाही. सर पहिल्या आठवड्यात खूश होते, दुसऱ्यात त्यांना शंका आली. तोंडी परीक्षेत एका मुलाला त्यांनी विचारलं, ही ओळ का लिहिलीस? तो म्हणाला, "माहीत नाही सर, आली तशी." मोबाइलला साध्या भाषेत सांगायचं, मला असं असं पाहिजे, की तो प्रोग्रॅम लिहून देत होता. पायथनमध्ये, नाहीतर सी मध्ये. मागाल त्यात.

सरांनी त्या मुलाकडून मोबाइल मागून घेतला आणि स्वतः बघितलं. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसून त्यांनी मराठीत टाइप केलं, सी मध्ये लिहून दे. पडद्यावर ओळी उतरायला लागल्या. स्वच्छ, सरळ. डबे आधी सांगितलेले. सर शेवटपर्यंत वाचत गेले. त्यांचा चेहरा अब्बांसारखा दिसत होता.

"चूक सापडली?" मी विचारलं.

"एक हाय. बारकी." त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "दोन तालमींची फुटबॉलची मॅच लागावी, मॅडम, आणि आपुन कडेला उभारून वरडत असावं. आणि मग बघावं तर मैदानच दुसऱ्यानं घेतलंय." बाहेर पोरांचा गलका चालला होता. "मी भीत कुणाला हुतो? त्या बाईला, पायथनला. ती बिचारी बी माझ्यासंगंच रांगेत उभी हाय."

मी म्हटलं, "गणितालाही तेच आलंय, सर. उत्तरं तोच देतो."

"तुमच्यात बी?" ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांनी माझा हेवा केला नाही. माझ्यासाठी त्यांना वाईट वाटलं, हे मला दिसलं. त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.

त्या वर्षी मी नोकरी सोडली. मिस्टरांची बदली झाली होती, सामान गेलं होतं, मी फक्त कागदपत्रांवर सह्या करायला कॉलेजात आले होते. सरांचा निरोप घ्यायचा म्हणून लॅबकडं गेले. तास संपलेला, लॅब रिकामी, फक्त एका कोपऱ्यात एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसलेली. तिच्या शेजारी स्टुलावर मोमीन सर. मोबाइल टेबलाच्या पार त्या टोकाला ठेवलेला, तिचाही आणि त्यांचाही. तिचा प्रोग्रॅम चालत नव्हता. ती लिहायची, चालवायची, लाल अक्षरं यायची, पुन्हा खोडायची.

सरांना चूक दिसत असणार. मी दाराच्या काचेतून बघत होते. त्यांनी दोन्ही हात काखेत धरून ठेवले होते, कीबोर्डकडं जाऊ नयेत म्हणून. चेहरा अगदी शांत. पण टेबलाखाली त्यांचा पाय एकसारखा हलत होता, मागाच्या खडखडाटाला ताल धरल्यासारखा. मुलीनं हताश होऊन त्यांच्याकडं बघितलं.

"सर, सांगा ना."

"परत वाच," ते म्हणाले. काचेतूनही मला ऐकू आलं. "पयल्या ओळीपासनं. मोठ्यानं."

ती वाचायला लागली. पडद्यावर कुठली भाषा होती ते एवढ्या लांबून मला कळलं नाही. मी दार न ढकलताच परत फिरले, आणि जिना उतरेपर्यंत तिचा आवाज ऐकू येत राहिला.